पास नंबर २१२ ची मावशी

१ ऑगस्ट

ताप,

'प्रिय' लिहिणार होते, पण तू तेवढाच शब्द कापून पाकिटात ठेवशील, म्हणून नाही लिहिलं.

सोबत फॉर्म आहे. खाली उजवीकडे सही कर आणि लगेच परत पाठव. दहा तारखेच्या आत पार्किंग कचेरीच्या खिडकीजवळच्या पेटीत पडला नाही तर पास बंद. समासात चित्रं काढू नकोस. आणि 'वाहनमालकाशी नाते' या रकान्याला हातही लावू नकोस. जूनमध्ये तू तिथे 'मावशी' लिहून ठेवलंस, ते आता वर्षभर बदलता येत नाही. मी वीस वर्षांची, तू एकवीस. खिडकीवरच्या बाई फॉर्म वाचत नाहीत, नुसता शिक्का मारतात, म्हणून आपण दोघं जिवंत आहोत.

तू गेल्यापासून कॉलेजात तीन बातम्या फिरतायत. एक, तू प्राचार्यांच्या अंगावर गाडी घातलीस. दोन, तुझ्या डोक्यावर परिणाम झाला आणि घरच्यांनी बांधून नेलं. तीन, तुला कावीळ झालीय. तिसरी मी पसरवली. हजेरीपटावर नाव आहे तोवरच पास चालतो, तेव्हा 'कॉलेज सोडलं' हे शब्द कुणाच्या तोंडी येता कामा नयेत.

माझं नेहमीचंच. सकाळी सहा ते नऊ घरोघरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं, नळ्या लॅबमध्ये टाकायच्या, साडेनऊला वर्ग. एक वाजता पुन्हा त्याच घरांत जेवणानंतरचं रक्त. गाडी आत असली तर एकला तासातून उठून पाच मिनिटांत निघता येतं. बाहेर रस्त्यावर लावली की टोइंगवाले उचलतात. जूनमध्ये बर्फाच्या पेटीसकट उचलली होती, अकरा जणांचं रक्त आत. त्यातल्या एका आजोबांकडे दुसऱ्यांदा सुई घेऊन गेले, तर म्हणाले, "पहिलं प्यायलीस का?" लॅबवाल्यांनी बजावलंय, पुन्हा असं झालं तर काम बंद. आणि काम बंद म्हणजे माझं कॉलेज बंद, हे तुला माहीत आहे.

पासच्या सोडतीत माझा नंबर लागला नाही, प्रतीक्षा यादीत मी अजून अकरावी. तोवर माझ्या गाडीला तुझा २१२ आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू तिसऱ्या मिनिटाला ओरडायला लागतोस. लिहिताना निदान मध्येमध्ये पेन उचलावं लागतं.

डास

(सहीला तूच ठेवलेलं नाव वापरतेय. पाकीट भलत्याच्या हाती पडलं तर डासावर कारवाई होऊ दे.)


४ ऑगस्ट

तीर्थरूप मावशीस एकवीस वर्षांच्या भाच्याचा वाकून नमस्कार. आशीर्वाद नको, उत्तर पाठव.

सही केली. चित्र काढलं नाही, म्हणजे काढलं होतं, खोडलं.

मावशीवरून मला टोमणे मारू नकोस. त्या रकान्यात छापलेली नाती कोणती? आई, वडील, भाऊ, बहीण, पती किंवा पत्नी, आणि 'इतर'. बहीण लिहिण्यापेक्षा मी तो फॉर्म चावून खाल्ला असता. पत्नी लिहायला पेन टेकवलं होतं, शपथ. पण तू शेजारी उभी होतीस आणि एखाद्याची शीर सापडत नसली की जशी बघतेस तशी माझ्याकडे बघत होतीस. पेन उचललं. 'इतर'मध्ये जे पहिलं सुचलं ते लिहिलं.

आणि त्या बातम्यांचं ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगावर गाडी घातली? माझी गाडी सुरू करायला सात किका लागतात! प्राचार्य तोवर घरी जाऊन जेवून परत आले असते. खरं काय झालं ते तू पाहिलं नाहीस, तुझा एकचा फेरा होता. ऐक. त्यांची ती लांबलचक गाडी विद्यार्थ्यांच्या जागेत तीन दिवस आडवी उभी. चार स्कूटरींची जागा. आपल्यातल्या कुणाचं चाक पट्ट्याबाहेर चार बोटं गेलं तरी पार्किंगचे साहेब चाकाला जॅमर लावून कुलूप घालतात, म्हणून मी साहेबांकडे गेलो. अगदी नम्रपणे. साहेब म्हणाले, "विद्यार्थी आहेस, विद्यार्थ्यासारखा राहा." मग मी शेजारच्या खोलीतून जॅमर उचलला आणि विद्यार्थ्यासारखा प्राचार्यांच्या गाडीला लावला. किल्ली साहेबांच्याच टेबलावर ठेवली, एका फायलीखाली. त्यांना ती सापडायला पाच तास लागले, तर त्या टेबलाच्या अवस्थेला मी जबाबदार का?

"माफीनामा लिहून दे, नाहीतर वर्गात पाऊल टाकायचं नाही," म्हणाले. मी म्हटलं, नाही टाकत. आणि आलो. सोडल्याचा अर्ज दिला नाही, कारण तो द्यायचा तर पुन्हा त्याच टेबलासमोर उभं राहावं लागलं असतं. त्या आळसावर आज तुझी गाडी उभी आहे. मी काही अगदीच वाया गेलेलो नाही.

इकडे मामाच्या टायरच्या दुकानात दिवसभर चाकं. काढ, पाण्यात बुडव, बुडबुडा शोध, घासून ठिगळ लाव, पुन्हा चढव. चाक फिरवून कुठे जड, कुठे हलकं ते मशीन सांगतं, तिथे शिशाचं वजन ठोकायचं. मामा म्हणतो, "तुझ्या डोक्याला असं एक ठोकून बघू का?" तुझं पाकीट आलं तेव्हा तो उलटसुलट करून बघत होता. "प्रेमपत्र आहे की नोटीस?" म्हटलं, दोन्ही.

मला एवढंच सांग, आजारी भाच्याची मावशीला कधी आठवण येते का?

तुझा
ताप


३ सप्टेंबर

ताप,

फॉर्म. सही. उजवीकडे. गेल्या वेळी डावीकडे केली होतीस. बाईंनी शिक्का मारला, पण मारताना माझ्याकडे बघितलं.

भाच्याची आठवण महिन्यातून एकदा येते, फॉर्म भरताना.

एवढं लिहून पाकीट बंद केलं होतं, मग पुन्हा फोडलं. काल तुझ्या जागेवर एक पोरगा आपली मोटारसायकल लावून निवांत बसला होता. मी म्हटलं, ही २१२ ची जागा आहे. तो म्हणाला, "२१२ तर काविळीने गेला ना?" मी म्हटलं, "गेला नाही. आणि परत आला तर तुला जॅमर लावेल, तोही गळ्याला." पळाला. ओरडायला बरं वाटतं, हे मान्य करते. तू हे रोज का करायचास ते कळलं.

यादी हलतेय. पाचवी.

डास


६ सप्टेंबर

मावशे,

"गेला नाही" असं म्हणालीस! मी हे वाक्य मामाला वाचून दाखवलं. मामा म्हणाला, त्यात काय एवढं, जिवंत माणसाबद्दल कुणीही म्हणेल. मामाला काव्य कळत नाही, त्याला फक्त हवेचा दाब कळतो.

आपली पहिली भेट याच जागेवरची, विसरली नसशील. तू माझ्या पट्ट्यात गाडी घातलीस, मी ओरडायला धावलो, आणि तू पेटी खांद्याला अडकवून चालू पडलीस. "ओरड, पण चालता चालता ओरड, नळ्या गरम होतायत." मी लॅबच्या दारापर्यंत तुझ्या मागून ओरडत आलो. दारात पोचेस्तोवर मुद्दे संपले. माझं असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्या दिवसापासून मी कामातून गेलो.

सही उजवीकडे केली आहे. जरा मोठी केली आहे, तेवढीच तुझ्या डोळ्यांसमोर राहील.

आणि एक. आज मी पार्किंग कचेरीला एक खरमरीत पत्र टाकलंय. प्राचार्यांची गाडी अजून आपल्या जागेत उभी असते का, ते विचारलंय. घाबरू नकोस, सही २१२ चा धारक म्हणून केली आहे, तब्येतीच्या कारणाने गावी असल्याचंही लिहिलंय. खिडकीवर पाटी आहेच ना, 'प्रत्येक लेखी तक्रारीस लेखी उत्तर मिळेल'? बघू देतात का.

ताप


१७ सप्टेंबर

परवानाधारक क्र. २१२ यांस,

आपली तक्रार मिळाली. मा. प्राचार्यांचे वाहन आता त्यांच्या राखीव जागेत उभे असते. तक्रारीतील 'गाडी आहे की लग्नाचा मांडव' हे वाक्य नोंदवहीत उतरवलेले नाही.

आपण आजारपणामुळे गावी असल्याचे लिहिले आहे. नियमाप्रमाणे जो विद्यार्थी कॉलेजात येत नाही त्याने परवाना परत करावा, तो यादीतील पहिल्या अर्जदारास त्याच आठवड्यात मिळतो. सक्ती नाही, विनंती आहे. सध्या पहिल्या क्रमांकावर तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी आहे. रुग्णांच्या रक्ताचे नमुने गोळा करण्यासाठी दुपारी एक वाजता वाहन लागते, असे तिच्या अर्जात आहे. वर्षाअखेरपर्यंत आणखी कोणाचा परवाना सुटेल असे वाटत नाही.

विचार व्हावा.

परवाना खिडकी
(मागची गोष्ट खाजगीत लिहिते. जॅमरची किल्ली फायलीखाली मला दहाव्या मिनिटाला सापडली होती. मी पाच तास बोलले नाही.)


२ ऑक्टोबर

ताप,

फॉर्म सोबत. तुझी मागची सही रकान्याबाहेर जाऊन 'कार्यालयीन वापरासाठी'मध्ये घुसली होती. तुझं सगळंच असं.

इथे आता साहेबांनी नवीन काढलंय. सगळे पास आणि सगळे अर्ज एका तक्त्यात घालून कॉम्प्युटरवर जुळवून बघणार आहेत. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं. दिवसभर एका बोटाने टाइप करतात.

कचेरीने उत्तर दिलं का? काय लिहिलं?

यादीचं विशेष काही नाही. मुंगीच्या पावलाने चाललीय.

परीक्षा नोव्हेंबरमध्ये. काल एका बाळाचं रक्त घेतलं, पहिल्या सुईत मिळालं. त्याची आई रडली, बाळ नाही.

डास


५ ऑक्टोबर

मावशे,

कचेरीचं उत्तर आलं. काही विशेष नाही. गाडी हलवली म्हणतात.

सही केली. रकान्यात बसवली. बघ, किती गुणी झालोय.

मामाने मला आता मोठ्या ट्रकची चाकं दिली आहेत. एवढी मोठी की आत माणूस बसेल. परवा एका ट्रकवाल्याने विचारलं, "पोरा, शिकला का नाहीस?" मी म्हटलं, "शिकत होतो, जागा नव्हती." तो बिचारा हळहळला, त्याला वाटलं वर्गात. मी चाक चढवताना दात ओठ खाऊन सहा नट आवळले. मामाने ते परत सैल केले. म्हणाला, "असं आवळलंस तर पुढच्याला पंक्चर काढता येत नाही. चाक आपल्याला ठेवून घ्यायचं नसतं, रे."

आज मला फार लिहिता येत नाहीये. हाताला ग्रीस आहे.

ताप


२१ ऑक्टोबर

ताप,

आपण पकडले गेलो.

साहेबांच्या त्या तक्त्यात एक ओळ लाल झाली. पास नंबर २१२ वरची गाडी आणि प्रतीक्षा यादीतल्या माझ्या अर्जावरची गाडी, एकच नंबर! आपण दोघं एवढे हुशार, आणि हे कसं सुचलं नाही? अर्ज भरताना गाडीचा नंबर मी माझ्याच हाताने लिहिला होता.

साहेबांनी बोलावलं. संवाद जसाच्या तसा लिहिते, कारण तू नसताना असं काही घडतं याचं मला वाईट वाटतं.

"ही गाडी तुझी?"

"हो."

"आणि हा २१२, तू याची मावशी?"

आता नाही म्हणावं तर फॉर्म खोटा. मी म्हटलं, "हो."

"सख्खी?"

"आईची सगळ्यात धाकटी बहीण."

"म्हणजे याची आई तुझी ताई. वय काय त्यांचं?"

मी तुझ्या आईला एकदाच पाहिलंय. म्हटलं, "पंचेचाळीस."

"म्हणजे तुझ्या आईने पंचवीस वर्षांनी..."

"आमच्याकडे सगळं सावकाश असतं, सर."

खिडकीवरच्या बाईंना ठसका लागला. पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या त्या आल्याच नाहीत.

हसून घेतलंस? आता पुढचं वाच. तीस तारखेला अकरा वाजता सुनावणी आहे. साहेब, उपप्राचार्य आणि बाई. नात्याचा पुरावा आणायचाय. नसेल तर पास रद्द, यादीतून नाव बाद, आणि कोर्स संपेपर्यंत माझ्या गाडीला गेट बंद. म्हणजे एकचा फेरा बंद. लॅबला मी अजून सांगितलेलं नाही. काल एका काकूंचं रक्त घेताना पहिल्यांदाच माझी सुई चुकली. त्या म्हणाल्या, "असू दे गं." मला रडू आलं.

तुझ्यावर राग नाही. फॉर्म मीच पेटीत टाकत होते. फक्त, तू ताडकन कॉलेज सोडलंस तेव्हा मी तुला मूर्ख म्हणाले होते. आता मलाही तेच करावं लागलं तर माझ्याकडे तुझ्यासारखा मामा नाही.

काही सुचत असेल तर लवकर लिही. शिव्या लिहू नकोस, त्या मी देऊन झाल्या.

डास


२४ ऑक्टोबर

मा. पार्किंग साहेब, उपप्राचार्य आणि खिडकीवरच्या बाई यांस,

मी परवाना क्रमांक २१२. मी जुलैतच कॉलेज सोडलं आहे. मला कावीळ झालेली नाही. टायरच्या दुकानात काम करतो आणि माझी तब्येत उत्तम आहे.

संबंधित विद्यार्थिनी माझी मावशी नाही, आत्या नाही, कुणीच नाही. रकान्यात 'मावशी' मी लिहिलं. गाडीचा नंबर मी घातला. सगळे फॉर्म पाहा, प्रत्येकावर सही माझी आहे. तिची एकही नाही. पास तिने मागितला नव्हता, मी तिच्या गळ्यात घातला. तिला दुपारी एकला आजारी माणसांकडे जायचं असतं आणि तुमच्याकडे दोनशे चाळीसच जागा आहेत, यात तिचा गुन्हा मला तरी दिसत नाही.

परवाना सोबत परत करतो. सतरा सप्टेंबरला तुमच्या कचेरीने तो परत मागितला होता, मी उत्तर दिलं नाही. तेव्हाच दिला असता तर नियमाने तो तिलाच मिळाला असता आणि आज तुमचा तक्ता लाल झाला नसता. म्हणजे सप्टेंबरपासूनचा सगळा दोष माझा एकट्याचा.

यासोबत तुम्हाला हवा होता तो माफीनामाही देतो. मा. प्राचार्यांच्या गाडीला जॅमर लावल्याबद्दल मी माफी मागतो. गाडी चुकीच्या जागी उभी होती हे मात्र मी मागे घेत नाही. (हे वाक्य खोडावं. पेनाने लिहिलंय म्हणून मला खोडता येत नाही, कागद एकच आहे.) साहेबांच्या टेबलाबद्दल जे बोललो होतो त्याचीही माफी. मी बिनशर्त माफी मागतो, हवी तर आणखी लिहून देतो, फक्त तिचं नाव यादीतून काढू नका.

आपला,
माजी विद्यार्थी


२४ ऑक्टोबर

डास,

सोबत मी कचेरीला पाठवलेल्या पत्राची झेरॉक्स आहे. आधी ती वाच. वाचलीस? सतरा सप्टेंबरवर थांबली असशील.

हो. मला माहीत होतं. तू यादीत पहिली आहेस, हे मला बाईंच्या पत्रातून कळलं होतं. मी नुसतं 'परत घ्या' लिहिलं असतं तर त्या आठवड्यात तुला तुझ्या नावाचा पास मिळाला असता. मी ते पत्र टायरमध्ये लपवलं. खरंच, एका जुन्या टायरमध्ये. आणि तुला लिहिलं, काही विशेष नाही.

का, ते तुला कळलंच असेल, पण तू मला नेहमी म्हणतेस की मी ओरडतो, सांगत नाही. म्हणून सांगतो. पास तुझ्या नावावर झाला असता तर तुला फॉर्मवर माझी सही लागली नसती. सही लागली नसती तर पाकीट आलं नसतं. मला महिन्याला अर्धं पान मिळत होतं, त्यात 'उजवीकडे कर', 'चित्र काढू नकोस'. मी त्यावर महिना काढत होतो. तेवढ्यासाठी मी तुझं कॉलेज पणाला लावलं आणि तुला विचारलंही नाही. प्राचार्यांनी चार स्कूटरींची जागा अडवली होती, मी तर सगळं कळत असून तुझीच अडवली. मला जॅमर लावायला हवा.

मामाला सगळं सांगितलं. मला वाटलं थोबाडीत मारेल. तो म्हणाला, "आधी टपाल टाकून ये, मग बघू." टाकून आलो. अजून बघितलेलं नाही.

आता तुला लिहायचं कारण उरलं नाही. चूक झाली. फार मोठी.

ताप


७ नोव्हेंबर

डास,

तीस तारीख होऊन आठ दिवस झाले. काय झालं तेवढं एका ओळीत कळव. मला शिव्या घाल, 'पुन्हा लिहू नकोस' असं लिही, पण गेट उघडं आहे की बंद ते सांग. मी रोज पोस्टमनला अडवतो. तो आता पलीकडच्या गल्लीने जातो. काल मी तिकडेही गेलो.

मामा म्हणतो, उत्तर येत नाही हेच उत्तर. मामाशी मी दोन दिवस बोलत नाहीये.

ताप


११ नोव्हेंबर

ताप,

पोस्टमनला त्रास देऊ नकोस. परीक्षा होती, आणि मी चिडले होते. अजूनही आहे.

आधी गेट. उघडं आहे. तुझं पत्र बाईंनी सुनावणीत मोठ्याने वाचलं. 'पेनाने लिहिलंय म्हणून खोडता येत नाही' इथे उपप्राचार्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि त्यांना काही दुःख झालेलं नव्हतं. साहेब म्हणाले, नियम तो नियम. बाई म्हणाल्या, नियमाने २१२ सुटला की यादीतल्या पहिलीला मिळतो, तोही नियमच. तासभर भांडले. शेवटी ठरलं, पास मला, आणि खोट्या मावशीपणाबद्दल शिक्षा म्हणून चार शनिवार दहा ते एक गळ्यात शिट्टी घालून पार्किंगमध्ये उभं राहायचं आणि गाड्या लावून घ्यायच्या. शनिवारी दुपारचा फेरा लॅबमधल्या ताई करतात. दोन शनिवार झाले. गेल्या शनिवारी प्राचार्यांची गाडी पट्ट्याबाहेर होती. मी शिट्टी मारली. त्यांनी गाडी मागे घेतली, ताप! मुकाट्याने! तू असायला हवा होतास.

तुझा माफीनामा साहेबांनी फलकावर लावलाय. पुढच्या जूनपासून तुला वर्गात बसता येईल, असं त्याखाली पेन्सिलने लिहिलंय. बाईंचं अक्षर आहे.

आता तुझं पत्र. ते वाचून मी दोन दिवस दिसेल त्याच्यावर खेकसत होते. तू मला विचारलं नाहीस, हे मी विसरणार नाही. आधी काय ते सांगायचं, मग काय ते करायचं. हे यापुढे पाळायचं.

पण एक मलाही सांगायचंय, आणि ते सांगायला मला तुझ्यापेक्षा जास्त दिवस लागले.

यादी खिडकीबाहेरच्या फलकावर असते. दर सोमवारी नवी लावतात. मी पहिली आले ते मी चौदा सप्टेंबरलाच वाचलं होतं. बाईंनी तुला पत्र लिहिलं त्याच्या तीन दिवस आधी. पास मिळवायला मला काय करायचं होतं? खिडकीवर जाऊन एक वाक्य बोलायचं, '२१२ कॉलेज सोडून गेलाय.' खरंच होतं ते. मी रांगेत उभी राहिले. दोनदा. पहिल्यांदा माझ्यापुढे दोघं असताना परत फिरले. दुसऱ्यांदा नंबर आला. बाईंनी विचारलं, "काय हवंय?" मी म्हटलं, "नूतनीकरणाचा फॉर्म."

तुझं नाव सांगणं बरं दिसलं नसतं म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. ते काही खरं नाही. अर्धं पान तुलाच मिळत होतं असं नाही.

यावरून डोक्यात काही घेऊ नकोस. घेतलंस तर माझ्या नावावर खपवू नकोस.

माझे दोन शनिवार उरलेत. या नाहीतर पुढच्या शनिवारी ये. मामाला विचारून ये. एक वाजेपर्यंत मी ड्युटीवर आहे, तेव्हा गाडी बाहेर लाव. तुझ्याकडे पास नाही आणि माझ्याकडे शिट्टी आहे.

डास